खुराड्यातला दुपारचा अंधार

२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आत्ता तो अंगणात आहे. खुराड्यात खांद्यापर्यंत डोकं घातलंय आणि बाहेर राहिलेली शेपूट हलवतोय. मी शिलाई मशीन सोडून दाराशी गेले, झाडू उगारला, ओरडले. त्याने डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं, मी काही विचारलंय आणि त्याला उत्तर येत नाही असं, आणि पुन्हा डोकं आत घातलं. कोंबड्या भिंतीवर चढून बसल्या आहेत. झाडू फेकून मारला, तर तो त्याने उचलून आणून पायरीवर ठेवला. शेवटी दार लावून आत आले आणि तुला लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू?

कुत्रा शेजारच्या पोस्टमनकाकांचा. काका तुला आठवत असतील. आयुष्यभर टपाल वाटलं आणि प्रत्येक गल्लीतल्या कुत्र्याने त्यांच्या पोटरीची चव घेतली. निवृत्त झाल्यावर एकच सुख, आता कुत्र्याचं तोंड बघायला नको, असं म्हणायचे. गेल्या वर्षी कुणीतरी त्यांच्या दारात झाकणाची टोपली ठेवून गेलं, वरून दोरीने घट्ट बांधलेली. आत हे पिल्लू. पाठवणाऱ्याचं नाव नाही, मग परत कुठे पाठवणार? ठेवून घेतलं. नाव ठेवलं पार्सल. जन्मभर लोकांची पोचवली, हे एक आपल्या नावाचं निघालं, असं ते सगळ्यांना सांगतात. आता पार्सल वासराएवढं झालंय आणि काकांच्या हातात दोरी ठरत नाही. दुपारी ते झोपले की हा सुटतो.

सोमवारी तुरेवाली कोंबडी गेली. मी बाहेरच्या खोलीत एकाच्या कोटाचं माप घेत होते. परत आले तर पायरीवर तुरेवाली ठेवलेली. ठेवलेली म्हणते, टाकलेली नव्हे. पंख मिटलेले, मान सरळ. शेजारी पार्सल बसलेला, काम उरकल्यासारखा. मी तिची पिसं बाजूला सारून सारून पाहिलं. कुठेही दात लागलेला नाही. भीतीनेच गेली असणार. पण गेली ती गेलीच.

कुंपणाला तारेचे टाके घातले. दाभणाने पोतं शिवावं तसं शिवलं. तो खालून उकरतो.

मला काळजी थोरलीची. तुझे भावजी तिला एवढंसं पिल्लू असताना कोटाच्या खिशातून घेऊन आले होते. त्यांच्या हातची आता तीच एक उरली. जुन्या कपाटाला आडवं पाडून त्यांनी हे खुराडं केलं, खालच्या ड्रॉवरच्या जागी दार काढलं, मागे अंडी काढायला हाताएवढी खिडकी ठेवली. दाराला फळी मात्र बसवायची राहिली. उद्या करतो म्हणाले होते. थोरली दोन दिवस कोपऱ्यात फुगून बसते आहे, खुडूक होणार असं दिसतं. एकदा ती अंड्यांवर बसली की जागची हलणार नाही. आणि हा डोकं घालतोय.

तुझं डोकं घड्याळात चालतं, इथेही चालव.

भावजयीला आशीर्वाद. लोभ असाच ठेव, दुहेरी टाक्याचा.

तुझी,
ताई


७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र दुकानात गिऱ्हाइकासमोर फोडलं. झाडू परत आणून दिल्याचं वाचलं आणि हसू आवरेना. त्या गृहस्थांना वाटलं मी त्यांच्या घड्याळाला हसतोय. ते रागाने घड्याळ उचलून गेले. तुझ्या कुत्र्याने इथवर येऊन माझं गिऱ्हाईक चावलं म्हण.

तुरेवालीचं वाचून मात्र वाईट वाटलं.

आता ऐक. तूच लिहिलं आहेस की काका दुपारी झोपले की हा सुटतो. म्हणजे त्याची वेळ ठरलेली आहे. ज्याची वेळ ठरलेली आहे त्याच्यावर माझी हुकमत चालते. माझ्याकडे भिंतीवरच्या एका मोठ्या घड्याळाचं यंत्र पडून आहे, तबकडी गेलेलं, पण आतून ठणठणीत. त्याला मी एक फळी जोडतो आहे. खाचांमधून वरखाली सरकणारी. तू दोन खुंट्या लावायच्या, एक बंद होण्याची वेळ, एक उघडण्याची. तेवढ्या वेळी फळी आपोआप पडेल आणि आपोआप वर जाईल. काका झोपायच्या आधी कोंबड्या आत, काका उठल्यावर बाहेर. माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही.

भावजी म्हणायचे, तुझा मेव्हणेपणा घड्याळाच्या काट्यावर चालतो, पाच मिनिटं उशिरा आलो तर जेवायला वाढायचा नाहीस. आज असते तर फळीला रंधा मारून मापं त्यांनीच दिली असती. मी अंदाजाने केली आहेत.

ताई, तू एकटीने झाडू घेऊन त्याच्यामागे धावू नकोस. गुडघे जपून वापर.

लोभाला रोज किल्ली देत जा, बंद पडू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

वन्संना नमस्कार. हे गेले चार दिवस जेवताना ताटात चमच्याने फळी पाडून दाखवतात. मी म्हटलं, कोंबड्यांना विचारलं का? तर म्हणाले, कोंबड्यांना काय विचारायचं असतं. तुम्हीच बघा आता.


१५ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

दार पोचलं. स्क्रू मी बसवले. फळी डावीकडे जरा घट्ट होती, तुझ्या भावजींच्या कानशीने घासली, आता लोण्यासारखी सरकते. खुंट्या लावल्या, किल्ली दिली आणि मशीन खिडकीजवळ ओढून वाट पाहत बसले.

वेळ झाली. खट् करून फळी पडली. एक सेकंदही इकडेतिकडे नाही. थोरली सोडून कोंबड्या सगळ्या बाहेर होत्या. त्या रांगेने येऊन बंद दारासमोर उभ्या राहिल्या आणि मग माझ्याकडे पाहायला लागल्या. लंगडी तर दारावर चोच आपटून आली. भावजयीने विचारलेला प्रश्न बरोबर होता, तिला सांग.

मग पार्सल आला. कोंबड्या पुन्हा भिंतीवर. त्याने फळी हुंगली, नाक खाली घालून वर उचलली आणि डोकं आत घातलं. तुझ्या दाराची त्याने टपालपेटी केली. आत थोरली. ती आता खरोखरच बसली आहे, अंड्यांवर. मी काठी घेऊन धावले तेव्हा ती त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर, डोळे उघडे, हललेली नाही. एखादी बाई खुर्चीत बसून दारावरच्या विक्रेत्याला नको म्हणते तशी.

धाकट्या, कोंबड्यांना तुझं घड्याळ कळत नाही. मी आता रोज संध्याकाळी बघते. उजेड एका ठरावीक रंगाला आला की त्या खाणं थांबवतात. मान वर करून थोडा वेळ उभ्या राहतात. मग एकजण निघते आणि बाकीच्या मागून. मी हाक मारत नाही, कुणीच मारत नाही. ढगाळ असेल तर लवकर, निरभ्र असेल तर उशिरा, पण रंग तोच. इतकी वर्षं त्या माझ्या अंगणात आहेत आणि हे मी आत्ता पाहिलं. यंत्र संध्याकाळसाठी ठेवलं तर उत्तम चालेल. दुपारचं काय करायचं?

दुपारचं मी केलं. नगरपालिकेत तक्रार देऊन आले. एकोणतीस तारखेला सकाळी माणूस येऊन कुत्रा घेऊन जाईल. पुढे काय करता, असं मी कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, नेणं त्यांच्या खात्याकडे, पुढचं दुसऱ्या खात्याकडे. परत आलेला कुत्रा मात्र त्याने पाहिलेला नाही.

काका काल फाटकाशी आले होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले की बांधून ठेवतो आहे, पण तो दोरी कुरतडतो आणि साखळी घातली की दिवसभर थरथरत बसतो. मग त्यांनी भिंतीवरच्या कोंबड्या पाहिल्या, बराच वेळ, आणि गेले. मी थांबवलं नाही. थोरली गेली तर माझ्याकडे काय राहतं, हे मी त्यांना कसं सांगू?

तू मला कठोर म्हणू नकोस. मनात म्हण हवं तर. लोभ तेवढ्याने उसवू नये.

तुझी,
ताई


१८ मार्च

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंस, स. न. वि. वि.

मी आजवर कोणाला पत्र लिहिलेले नाही. पोचवली पुष्कळ. आपल्या फाटकाशी आलो होतो तेव्हा बोलणे जमले नाही, म्हणून हे लिहून चौकातल्या पेटीत टाकत आहे. उद्या आपणास मिळेल. नवा पोस्टमन पायऱ्या चढत नाही, फाटकावर खोचून जातो, तरी तिथे पाहावे.

आपली तक्रार रास्त आहे. कोंबडी गेली, ती भरून देता येत नाही. एवढेच सांगतो की त्याने ती खाण्यासाठी नेली नाही. त्याला जे सापडते ते तो कोणाच्या तरी दारात नेऊन ठेवतो. माझ्या दारात रोज एखादी चप्पल, एखादा चेंडू असतो. नंतर मी तो ज्याचा त्याला देत फिरतो. हे मी त्याला शिकवलेले नाही. पण माझ्याकडे राहून तो दुसरे काय शिकणार?

एकोणतीस तारखेस मी स्वतः त्याला घेऊन फाटकाशी उभा राहीन. त्या माणसांना आपण एवढे सांगावे की घरात शिरून त्याला ओढू नये आणि गाडीत झाकण असेल तर ते उघडे ठेवावे. टोपलीत बांधून आल्यापासून तो अंधाराला फार भितो. मी रात्रभर दिवा चालू ठेवतो. अंधार झाला की त्याला कोणाच्या तरी अंगाला अंग लागते.

उत्तर पाठवू नये. आपल्याविषयी माझ्या मनात काही नाही, आपणही ठेवू नये, ही विनंती.

आपला शेजारी


२१ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मागाहून पाठवलेलं काकांचं पत्र, दोन्ही वाचली. काकांचं दोनदा वाचलं. कुत्र्याबद्दल मी काही म्हणणार नाही. थोरली काय आहे ते मला ठाऊक आहे, आणि तू ठरवलंस ते विचार करूनच ठरवलं असशील.

पण दार हरलं हे मला सहन होत नाही. सोबत एक खिट्टी पाठवतो आहे. ती आतल्या बाजूने यंत्राला जोड. फळी पडली की खिट्टी बसेल आणि उघडायची वेळ होईपर्यंत नाकाने, पंजाने, पहारीने, कशानेही फळी उचलली जाणार नाही. तुलाही जमणार नाही. मी तिथे आलो तरी मलाही नाही. खुंट्याही मग हलणार नाहीत, फक्त घड्याळ उघडेल.

आणि आता खरी गंमत. कोंबड्या उजेड पाहतात ना? अठ्ठावीस तारखेला भर दुपारी तुमच्याकडे खग्रास सूर्यग्रहण आहे. वर्तमानपत्रात नकाशा आलाय, सावलीचा पट्टा बरोबर तुझ्या घरावरून जातो. म्हणजे तुझ्या कोंबड्या दुपारी, आपणहोऊन, एकही हाक न मारता आत जातील. जगात कुठल्याही खुराड्याला असा योग आला नसेल. कुत्रा अंधारात काय करेल सांगता येत नाही, पिसाळल्यासारखा आत घुसेल, म्हणून काळोखाच्या जरा आधी फळी पडली पाहिजे. मी वेळ काढून दिली आहे, चिठ्ठी खिट्टीला गुंडाळली आहे. उघडायची वेळ तासाभराने ठेव, सगळं शांत झाल्यावर. मी ही आकडेमोड तीनदा केली. इतकं नेमकं काम मी आजवर कुठल्या माणसासाठी केलेलं नाही.

इथे ग्रहण पूर्ण नाही. एक कोर उरणार. जाणकार सांगतात की एक कोर उरली तर काहीच झालं नाही असं समजा. तेव्हा माझ्या वाटचं तू पाहून घे. उघड्या डोळ्यांनी वर बघू नकोस. पुठ्ठ्याला बारीक भोक पाड आणि त्यातून कागदावर उजेड पाड, तिथे सूर्य दिसेल. पूर्ण काळोख झाल्यावर मात्र वर बघता येतं. तेवढंच.

मग मला सगळं लिही. माझ्या लोभाची वसुली तेवढ्यावर करतो.

तुझा,
धाकटा

वन्संना नमस्कार. काकांचं पत्र ह्यांनी मला वाचायला दिलं आणि उठून दुकानात गेले, रविवार असून. मी तुम्हाला काही सुचवत नाही. फक्त विचारते, तो अजून पायरीवर वस्तू आणून ठेवतो का?


२८ मार्च, संध्याकाळ

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या वाटचं पाहिलं. सांगता येईल तेवढं सांगते. एका पत्रात मावणार नाही हे आधीच कळतंय.

पुठ्ठा सापडला नाही. मी बटण घेतलं, चार भोकांचं, कोटाचं मोठं. पांढरं अस्तर मांडीवर पसरलं आणि बटण वर धरलं. अस्तरावर चार सूर्य पडले. प्रत्येकाला एका बाजूने घास घेतल्यासारखा. मग हळूहळू चार कोरी. मग माझं लक्ष खाली गेलं तर झाडाखाली सगळीकडे कोरी. पानांमधून पडणारा प्रत्येक कवडसा कोर झालेला. अंगणात, पायरीवर, कोंबड्यांच्या पाठींवर. लंगडी चालत होती आणि तिच्या पाठीवरून शंभर लहान सूर्य सरकत होते आणि तिला पत्ता नव्हता. बटण कशाला आणलं, असं झालं मला.

उजेड कमी झाला असं म्हणता येणार नाही. तो पातळ झाला. आपल्याच अंगणाला मी कल्हई केलेल्या भांड्यात पाहतेय असं वाटलं. सावल्यांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या. वारा पडला. कोंबड्यांनी खाणं थांबवलं. मान वर करून उभ्या राहिल्या. आज त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या होत्या. मग लंगडी निघाली, तिच्यामागे बाकीच्या. भर दुपारी, धाकट्या. थोरली आत होतीच. मी म्हटलं, तू जिंकलास.

तेवढ्यात कुंपणाखालून तो आला. धावत नव्हता. पोट जमिनीला लावून सरपटत होता आणि लहान मूल रडतं तसा आवाज काढत होता. काका पलीकडून हाका मारत होते, ते त्याला ऐकूच येत नव्हतं. तो माझ्याकडे आला. मी काठी उचलली. मी ते करायला नको होतं असं म्हणत नाही, त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. तो वळला आणि कोंबड्या गेल्या त्या दारातून आत गेला. सगळा गेला. शेपूटही. मी धावले, आणि माझ्या हातापासून वीतभरावर फळी पडली. खट्.

तुझं घड्याळ अचूक होतं. कोंबड्या अंधार बघून घरी जातात, एवढं तू बरोबर धरलंस. कुत्राही अंधार बघून घरी जाईल, हे तू धरलं नाहीस. मीही धरलं नाही. काकांनी तर लिहूनच दिलं होतं.

आणि मग काळोख पडला. पडला हाच शब्द. पश्चिमेकडून छपरांवरून काहीतरी आलं आणि आमच्यावरून गेलं.

मी फळी ओढली. नखं मोडली. ती हलली नाही. तू सांगितल्याप्रमाणे माझ्याने जमलं नाही. काका कुंपणाच्या मोडक्या जागेतून गुडघ्यांवर आत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या अंगणात आले ते असे. आतून आवाज नव्हता. कोंबड्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काहीच नाही. मी म्हटलं, कुऱ्हाड आणते, कपाट फोडते. काका म्हणाले, नका. म्हणाले की बाहेरून घाव बसला तर आत जो घाबरलेला आहे तो आणखी घाबरेल, आणि मग तो कुत्रा राहणार नाही. मला बाई म्हणायचे ते एरवी. त्या वेळी ताई म्हणाले.

मग मला मागची खिडकी आठवली. अंडी काढायची. मी चाचपत मागे गेले, झडप वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

आधी थोरली लागली. तिची पाठ, गरम, तिथेच. तिने मला टोचलं नाही. मी हात पुढे सरकवला. पिसं होती. मग आणखी पिसं. मग केस. कुठे पिसं संपली आणि कुठे केस सुरू झाले ते मला कळलं नाही, परत मागे येऊन पाहिलं तरी कळलं नाही. सगळं एका लयीत वरखाली होत होतं. मी हात तसाच ठेवला. आणि मग माझा हात ओला झाला. कोमट.

मी हात बाहेर काढला.

धाकट्या, मला माझा हात दिसत नव्हता. डोळ्यांसमोर धरला तरी नुसता काळा आकार. ओला आहे एवढंच कळत होतं. वास घ्यायचा धीर झाला नाही. काका विचारत होते, काय आहे, आत काय आहे. हात पुसलाही नाही. पुसला असता तर कधीच कळलं नसतं. मी तो ओला हात वर धरून उभी राहिले, आणि हात वर होता म्हणून मान वर गेली.

तिथे सूर्याच्या जागी भोक होतं. काळं, कुठल्याही कापडाला नसतो इतका काळा रंग. त्याच्याभोवती पांढरं काहीतरी पसरलेलं, केसांसारखं, धुरासारखं, पण स्थिर. शेजारी एक तारा. चारही बाजूंना क्षितिजावर तांबूस कडा, सगळीकडून एकदम संध्याकाळ झाल्यासारखी. मला भीती वाटली का विचारशील तर नाही. भीती मला खुराड्याची होती. हे वरचं एवढं मोठं होतं की त्यात भीती कुठे ठेवायची तेच कळेना. तुझे भावजी गेले त्या सकाळनंतर मी अशी काही न करता उभी राहिलेले नाही. गल्लीत कुणीतरी हसत होतं, कुणीतरी रडत होतं, आणि दोन्ही आवाज सारखेच वाटले.

काकाही वर पाहत होते. टोपी काढून हातात धरली होती.

मग त्या भोकाच्या कडेला एक ठिपका पेटला. सुईच्या टोकाएवढा. आणि तेवढ्यानेच सगळं अंगण परत आलं. मी पहिल्यांदा हात पाहिला.

स्वच्छ होता. नुसता ओला. बोटांना एक पीस चिकटलेलं आणि एक पिवळा केस. त्याने चाटला होता.

मी हात काकांसमोर धरला. त्यांनी तो जवळ घेऊन पाहिला, पत्ता वाचावा तसा, सावकाश, दोन्ही बाजूंनी. मग खाली बसले. मीही बसले. दार उघडायला अजून अवकाश होता. गल्लीतले कोंबडे सकाळ झाली म्हणून आरवायला लागले. झाडाखालच्या कोरी आता उलट्या बाजूला वळल्या होत्या. एकदा काका म्हणाले की आयुष्यभर इतक्या दारांशी उभे राहिले, आतून काय निघेल ते माहीत नसताना, पण असं कधी थांबले नव्हते. एकदा मी म्हटलं, माझा भाऊ मूर्ख आहे. ते म्हणाले, काम मात्र चोख आहे.

वेळ झाली. फळी वर गेली.

आधी कुणीच बाहेर आलं नाही. मग लंगडी आली, उजेडाकडे पाहून थांबली, आणि माती उकरायला लागली. मग एकेक करून सगळ्या. थोरली सोडून सगळ्या. मी ओणवी होऊन आत पाहिलं. थोरली अंड्यांवर, डोळे उघडे. तिच्यासमोर गवत दबून गोल झालेलं आणि त्यात तो अजून पडलेला, नाक तिच्या छातीखाली खुपसून. काकांनी हळूच हाक मारली. तो निघाला. डोक्यावर गवत. माझ्याकडे न बघता काकांकडे गेला. थोरलीने त्याच्यामागे पाहिलं नाही.

आता दिवेलागण झाली आहे. कोंबड्या पुन्हा आत गेल्या, आज दुसऱ्यांदा. हात कधीच वाळला.

उद्या सकाळी माणूस येणार. तुरेवाली ह्याच तोंडात मेली हे मी विसरलेले नाही, आणि उद्या हा शहाणा होईल असंही नाही. काका काही विचारून गेले नाहीत. जाताना फाटक आठवणीने लावून गेले, नाही तरी तो कुंपणाखालून येतो.

तुझी खिट्टी मी काढून ठेवली आहे. यंत्र राहू दे, संध्याकाळला उपयोगी पडेल.

भावजयीला सांग, होय, अजून ठेवतो. मी तुला हे लिहिलं नव्हतं. काल माझीच हरवलेली टोपणाची कात्री पायरीवर होती.

आज लोभ माग म्हटलं तर तो किती मागायचा तेच कळत नाही. आहे तेवढा असू दे.

तुझी,
ताई

ता. क. २९ तारीख, सकाळ. पत्र अजून टाकलं नव्हतं. गाडी आली. काका सांगितल्याप्रमाणे फाटकाशी उभे होते. पार्सलला आंघोळ घातलेली, गळ्यात सुतळी, जाड, दुहेरी. माणसाला मी म्हटलं की तक्रार माझी होती आणि ती मी मागे घेतली. तो म्हणाला की आधी कळवायला हवं होतं, आणि रिकामी गाडी घेऊन गेला. काकांना गाठ सुटेना. पार्सलाला मारतात ती गाठ, ती सुटायची नसतेच. मी कात्री आणून कापली.